पाहुणा संचालक आणि घरचा वाद्यवृंद



इंग्रजींत ज्यास ‘कंडक्टर’ म्हणतात त्या गृहस्थाविषयीं आज मी बोलणार आहें. हा शब्द उच्चारतांच आमच्या वाशीम जिल्ह्यांत प्रथम आठवतो तो एस. टी.च्या मोटारींतील, तिकिटें देणारा आणि घंटीची दोरी ओढणारा मनुष्य. दोघांच्या कामांत अगदींच साम्य नाहीं असें नव्हे. दोघेही स्वतः गाडी हांकीत नाहींत; पण दोघांच्या खुणेवांचून गाडी जागची हालत नाहीं. तथापि घोटाळा होऊं नये म्हणून या भाषणापुरतें आपण त्याला ‘वृंदसंचालक’ म्हणूं.

वृंदसंचालक म्हणजे साठ-सत्तर वाद्यें आणि तितकेच किंवा त्याहून अधिक गाणारे कंठ हातांतील एका लहानशा कांडीनें एकत्र चालविणारा मनुष्य. असा संचालक पुष्कळदां परगांवाहून पाहुणा म्हणून येतो; चार दिवस तालमी घेतो, एक-दोन रात्रीं जलसा करतो आणि निघून जातो. टाळ्या होतात, पुष्पगुच्छ दिले जातात, वर्तमानपत्रांत छायाचित्रें येतात. हें सर्व झाल्यावर त्या गांवांत मागें काय उरतें, हा माझा आजचा प्रश्न आहे. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं मुंबई शहरांत १९३५ पासून २०२३ पर्यंत जें घडलें त्याचा वृत्तांत मी आपणांपुढें ठेवणार आहें.

वाशीमसारख्या आडबाजूच्या गांवीं राहणाऱ्या एका जुन्या शाळामास्तरानें युरोपीय वाद्यवृंदाविषयीं बोलावें याचें कोणास नवल वाटेल. परंतु पुष्कळांना एका खुणेनें चालविणारा मनुष्य महाराष्ट्राला मुळींच अपरिचित नाहीं. शेगांवची श्रीगजाननमहाराजांची पालखी पंढरपुरास जातांना आमच्या जिल्ह्यांतील मालेगांव, शिरपूर, रिसोड या वाटेनें जाते. दिंडींत मध्यें वीणेकरी, जवळ मृदंगी आणि दोन्ही अंगांस टाळकऱ्यांच्या रांगा, ही रचना आमच्याकडील लहान मुलासही पाठ असते. तिकडे आळंदीहून निघणारी श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी संध्याकाळीं तळावर पोंचली म्हणजे समाजआरती होते. शेंकडों दिंड्यांचे टाळ आणि मृदंग एकाच वेळीं गर्जत असतात. चोपदार हातांतील चोप उंच करतो आणि क्षणार्धांत सर्वत्र शांतता पसरते. एखाद्या दिंडीची कांहीं तक्रार असेल तर तीच तेवढी टाळ वाजवीत राहते. चोपदार तेथें जातो, गाऱ्हाणें ऐकून घेतो, आणि त्याचा निकाल लागला म्हणजे मग आरती होते.

ज्यानें हें दृश्य पाहिलें आहे त्याला वृंदसंचालकाचा अधिकार निराळा समजावून देण्याची आवश्यकता नाहीं. चोपदाराच्या हातांतील चोप चांदीचा आहे म्हणून लोक गप्प होत नाहींत. सर्वांनीं मिळून तो अधिकार त्याला दिलेला असतो, आणि गाऱ्हाणें ऐकण्याचें ओझेंही त्याच्याच शिरावर ठेवलेलें असतें. भेद इतकाच, कीं चोपदाराच्या खुणेनें नाद थांबतो आणि वृंदसंचालकाच्या खुणेनें शांततेंतून नाद सुरू होतो.

आतां या संचालकाचें प्रत्यक्ष काम काय, तें थोडक्यांत पाहूं. आपल्या मैफलींत गवई, तबलजी आणि साथीचा सारंगीवाला किंवा पेटीवाला इतकीं माणसें असतात. ठेका कानीं पडत असतो, सम सर्वांना ठाऊक असते, आणि कोणी थोडें पुढें-मागें गेलें तरी समेवर सगळे पुन्हा भेटतात. तेथें तिऱ्हाइतानें हात हालविण्याचें प्रयोजन नाहीं. पण शंभर माणसें बसलीं, त्यांत व्हायोलिनें निराळे स्वर वाजवीत आहेत, बांसऱ्या निराळे, पितळी कर्णे निराळे, आणि मागें गानवृंदांतील स्त्रियांचे दोन व पुरुषांचे दोन असे चार गट एकाच वेळीं चार भिन्न स्वरपंक्ती गात आहेत, अशी रचना असली म्हणजे कोणा एका वादकाला सगळें ऐकूं येणें शक्य नसतें. प्रत्येकापुढें फक्त त्याच्या स्वतःच्या वाद्याचा कागद असतो. सर्वांचे स्वर एकाखालीं एक मांडलेली मोठी वही एकट्या संचालकापुढें असते. उजव्या हातानें तो लय दाखवितो. डाव्या हातानें कोणी केव्हां शिरावें, कोणी आवाज वाढवावा, कोणी दबून राहावें हें सुचवितो. गानवृंद गात असेल तर तो त्यांच्याबरोबर श्वासही घेतो, कारण शंभर जणांनीं एकाच क्षणीं श्वास घेतला नाहीं तर शब्दाचें पहिलें अक्षर फाटतें.

पूर्वीं ही कांडी इतकी नाजूक नव्हती. सतराव्या शतकांत फ्रान्सच्या दरबारीं ल्यूली नांवाचा संगीतकार जाड दंडुका जमिनीवर आपटून ताल देत असे. १६८७ च्या जानेवारींत, चौदावा लुई राजा शस्त्रक्रियेंतून बरा झाला म्हणून स्तोत्रगायनाचा मोठा समारंभ झाला. त्या वेळीं तो दंडुका ल्यूलीच्या स्वतःच्याच पायावर बसला, जखम चिघळली, आणि मार्च महिन्यांत त्याचा अंत झाला. एकोणिसाव्या शतकांत वाद्यवृंद वाढले तसा दंडुका जाऊन हलकी कांडी आली, आणि संचालन ही एक स्वतंत्र विद्या झाली.

पाहुण्या संचालकाची प्रथाही जुनी आहे. तिचीं दोन उदाहरणें सांगतों, कारण मुंबईच्या कथेचें मर्म त्यांतच आहे.

हँडेल हा जन्मानें जर्मन, पण लंडनवासी झालेला संगीतकार. आयर्लंडच्या व्हाइसरॉयच्या निमंत्रणावरून १७४१ च्या नोव्हेंबरांत तो डब्लिन शहरीं पाहुणा म्हणून गेला. अवघ्या २४ दिवसांत लिहिलेली ‘मेसाया’ ही गान-वाद्यरचना त्याच्याजवळ होती. परंतु तीस लागणारे कंठ त्यानें बरोबर नेले नव्हते. ते डब्लिनच्या दोन मोठ्या देवळांतील नित्याच्या गायकांचे होते. त्यांतील एका देवळाचे प्रमुख ‘गलिव्हर’च्या प्रवासवर्णनाचे कर्ते डीन स्विफ्ट होते. असल्या जलशांत आपल्या गायकांनीं जाऊं नये, असा त्यांनीं आधीं हुकूम केला. पुढें त्यांचें मन वळलें. १७४२ च्या एप्रिलची १३ वी तारीख ठरली. दाटी फार होणार म्हणून स्त्रियांनीं घेरदार झग्यांखालचे सांगाडे आणि पुरुषांनीं कमरेच्या तरवारी घरीं ठेवून याव्या, अशी विनंती करण्यांत आली. सुमारें ७०० श्रोते आले. जमलेली रक्कम, सुमारें ४०० पौंड, दोन रुग्णालयें आणि कर्जापायीं तुरुंगांत खितपत पडलेले कैदी यांच्यासाठीं वांटण्यांत आली. त्या एका जलशानें १४२ ऋणको तुरुंगाबाहेर आले, असें नमूद आहे.

दुसरें उदाहरण १८४६ चें. बर्मिंगहॅम या इंग्लंडांतील कारखान्यांच्या शहरीं २६ ऑगस्ट रोजीं मेंडेल्सोन या जर्मन संगीतकारानें पाहुणा म्हणून येऊन आपली ‘एलाय्जा’ ही रचना प्रथम सादर केली. गाणारे २७१ आणि वाजविणारे १२५ होते. टाळ्या मेंडेल्सोनला मिळाल्या, आणि त्या योग्यच होत्या. पण तो येण्यापूर्वीं तेथील गानवृंदाला ती अवघड रचना घोटून बसविणारा जेम्स स्टिम्सन नांवाचा स्थानिक ऑर्गनवादक होता. पाहुण्याच्या कांडीनें जें एका सकाळीं घडलें, त्यामागें घरच्या मास्तराची कित्येक दिवसांची घोकंपट्टी होती.

आम्हां शिक्षकांस हें लवकर पटतें. शाळातपासनीस वर्षांतून एकदां येतात. त्यांच्यापुढें मुलें चांगलीं म्हणून दाखवितात, साहेब प्रसन्न होतात, शेरा लिहितात. पण साहेबांच्या येण्यानें मुलें शिकलीं असें कोणी म्हणत नाहीं. साहेब येतात म्हणून मुलें अधिक नेटानें शिकतात, हें मात्र खरें. पाहुण्या संचालकाचा उपयोग तोच. फक्त शाळा आधीं उभी असली पाहिजे.

आतां मुंबईकडे वळूं.

मुंबईंत युरोपीय वाद्यें वाजविणारांचा मोठा पुरवठा गोव्याकडून होत असे. पोर्तुगीज अमदानींत गोव्याच्या देवळांस जोडून ज्या शाळा होत्या, तेथें मुलांस अक्षरओळखीबरोबर स्वरलेखन आणि व्हायोलिनही शिकवीत. तेथून निघालेले वादक मुंबईच्या हॉटेलांत, लष्करी बॅन्डांत, मूकचित्रपटांच्या थिएटरांत आणि पुढें बोलपटांच्या स्टुडिओंत पोटासाठीं वाजवूं लागले. दुसरीकडे सुखवस्तु पारशी घराण्यांत पियानो व व्हायोलिन यांची हौस होती. तिसरा प्रवाह युरोपांतून आला. हिटलरच्या उदयामुळें तिकडून बाहेर पडलेल्या ज्यू कलावंतांपैकीं वाल्टर काउफमान हे १९३४ सालीं मुंबईस आले. मोजक्या वादकांच्या संगीताची एक मंडळी त्यांनीं येथें स्थापिली, आणि १९३७ पासून १९४६ पर्यंत ते ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्य संगीताचे प्रमुख होते. पहांटे केंद्र सुरू होतांना तंबोऱ्याच्या सुरांवर व्हायोलिनची जी ओळखीची धून आपण वर्षानुवर्षें ऐकत आलों, ती काउफमान यांचीच रचना मानली जाते. पाहुणे म्हणून आलेले गृहस्थ बारा वर्षें राहिले आणि घराघरांत एक सूर ठेवून गेले.

काउफमान यांच्या मंडळींत व्हायोलिन वाजविणारे एक तरुण पारशी होते, मेहली मेहता. त्यांचा जन्म १९०८ चा. १९३५ सालीं त्यांनीं ‘बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. गोव्याचे व्यवसायी वादक, पारशी हौशी वादक आणि युरोपांतून आलेले कलावंत अशीं तीन तऱ्हांचीं माणसें त्यांत एकत्र बसत. मेहलीभाईंच्या घरीं दिवसभर कोणी ना कोणी तालमीस येत असे. ज्या घरांत सकाळपासून रात्रीपर्यंत वाद्यें लागत असतात, तेथील मूल स्वरांतच वाढतें. १९३६ च्या एप्रिलांत जन्मलेले त्यांचे चिरंजीव झुबिन असेच वाढले. वैद्यकाचा अभ्यास करावा असा विचार होता व त्या वाटेनें ते कांहीं काळ गेलेही. परंतु सोळाव्या वर्षींच ते वडिलांच्या वाद्यवृंदाच्या तालमी घेऊं लागले होते. १९५४ सालीं, अठराव्या वर्षीं, ते व्हिएन्नास शिकण्यास गेले.

व्हिएन्नांतील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथें थोर संचालकांच्या तालमी विद्यार्थ्यांस बसून पाहतां येत नसत. तेव्हां झुबिन मेहता आणि त्यांचे सहाध्यायी, पुढें स्वतःही थोर संचालक झालेले क्लाउदियो आबादो, हे दोघे तेथील प्रसिद्ध गानवृंदांत खर्जाच्या गायकांत सामील झाले. गाण्याची हौस हें निमित्त. खरा हेतु ब्रूनो वाल्टर, कारायान यांसारख्यांचे हात समोरून पाहतां यावे हा. श्रोता संचालकाची पाठ पाहतो; त्याचा चेहरा फक्त गाणाऱ्या-वाजविणाऱ्यालाच दिसतो. संचालन शिकावयाचें असेल तर आधीं रांगेंत उभें राहून दुसऱ्याची खूण पाळावी लागते.

इकडे मुंबईंत काय झालें? स्वातंत्र्यानंतर युरोपीय मंडळी हळूहळू परतली. मेहलीभाई १९४५ सालीं अधिक शिक्षणासाठीं अमेरिकेस गेले आणि कांहीं वर्षांनीं परत आले. परंतु १९५५ सालीं मँचेस्टरच्या ‘हॅले’ वाद्यवृंदांत व्हायोलिनवादक म्हणून ते गेले ते मुंबईस राहण्यासाठीं पुन्हा आले नाहींत. पुढें लॉस एंजेलिस येथें १९६४ सालीं तरुणांचा एक वाद्यवृंद स्थापून त्यांनीं तो तीन तपांच्या आसपास चालविला. जी शाळा त्यांना मुंबईंत चालवावयाची होती ती त्यांनीं कॅलिफोर्नियांत चालविली, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. एक कुटुंब गेलें आणि वीस वर्षांचें काम ओसरलें. यांत कोणाचा दोष काढण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या संस्थेचा प्राण एकाच माणसाच्या व्हायोलिनच्या पेटींत असतो, ती त्या पेटीबरोबर गांव सोडते.

सर्वच विझलें असें मात्र नव्हे. रेडिओंतील अधिकारी व्हिक्टर परंज्योती यांनीं १९५६ सालीं मुंबईंत एक गानवृंद स्थापिला. १९६७ सालीं ते वारल्यावर कुमी वाडिया यांनीं त्याचें संचालन हातीं घेऊन अनेक वर्षें निष्ठेनें चालविलें. १९५८ सालीं गोव्याच्या माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस यांनीं स्टुडिओंत वाजविणारे शंभराहून अधिक वादक एकत्र केले, आणि सेंट झेवियर कॉलेजच्या चौकांत भारतीय रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचनांचा जलसा केला. गायनास लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. हेंच नांव पुढें १९७७ सालीं एका हिंदी चित्रपटांतील गाण्यामुळें घरोघर पोंचलें. त्या गाण्याचे संगीतकार प्यारेलाल हे गोन्साल्विस यांचे शिष्य. परंतु तो वाद्यवृंदही टिकला नाहीं. दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्या शंभर माणसांना दरमहा तालमीस बसविण्यास जें स्थायी बळ लागतें तें एका कलावंताच्या खिशांत नसतें. १९६२ पासून ‘बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा’नें हौशी वादकांच्या बळावर दिवा लावून ठेवला, हेंही कृतज्ञतेनें नमूद केलें पाहिजे.

याच काळांत झुबिन मेहता जगांत मोठे झाले. १९५८ सालीं लिव्हरपूल येथील संचालकांच्या स्पर्धेंत त्यांस पहिलें बक्षीस मिळालें. मग मॉन्ट्रियल, लॉस एंजेलिस, १९७८ पासून १९९१ पर्यंत न्यूयॉर्क, आणि २०१९ पर्यंत इस्रायल, अशा वाद्यवृंदांचे ते प्रमुख होते. जन्मगांवाची आठवण त्यांनीं सोडली नाहीं. १९८४ सालीं न्यूयॉर्कचा आणि १९९४ सालीं इस्रायलचा वाद्यवृंद घेऊन ते मुंबईस आले. २००८ हें वडिलांच्या जन्मशताब्दीचें वर्ष. त्या वर्षीं ते पुन्हा आले. २०१६ सालीं स्वतःला ऐंशी वर्षें पूर्ण होत असतां पुन्हा आले, आणि त्या वेळीं ब्रेबोर्न स्टेडियमवरही जलसा झाला.

हे सर्व समारंभ थोर झाले. परंतु त्यांकडे थोडें बारकाईनें पाहिलें तर एक गोष्ट लक्षांत येते. प्रत्येक वेळीं पाहुणा आपला वाद्यवृंद बरोबर घेऊन आला. आपल्याकडे सोंवळें पाळणारा पाहुणा कधीं कधीं आपला शिधा आणि आपला आचारी घेऊन येई. यजमानानें फक्त अंगण सारवून चूल दाखवावयाची. मुंबईनें तसें अंगण दिलें, पंक्ति बसविली, पोटभर जेवण केलें. पण पाहुणा निघाला म्हणजे त्याचा आचारी आणि त्याचीं भांडींही विमानांत चढत, आणि चूल पुन्हा थंड होई.

चूल पेटती ठेवण्याचें काम निराळ्या माणसांनीं केलें. जे. आर. डी. टाटा आणि डॉ. जमशेद भाभा यांनीं १९६९ सालीं राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र, म्हणजे एन. सी. पी. ए., स्थापिलें. समुद्रांत भर घालून केलेल्या नरिमन पॉइंटच्या जमिनीवर तें उभें राहिलें, आणि १९९९ सालीं तेथें सुमारें अकराशें आसनांचें जमशेद भाभा नाट्यगृह झालें. मध्यंतरीं १९९५ सालीं मेहलीभाईंच्या नांवानें एक प्रतिष्ठान निघालें आणि मुलांस वाद्यें व समूहगान शिकवूं लागलें. २००६ सालीं खुश्रू सनटूक यांच्या पुढाकारानें आणि मरात बिसेंगालियेव या कझाक व्हायोलिनवादकाच्या साहाय्यानें ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ निघाला.

आरंभीं त्यांत भारतीय वादक थोडे, आणि कझाकस्तान वगैरे देशांतून आणलेले अधिक होते. यावरून टीका झाली, आणि ती अगदींच निराधार नव्हती. नांव देशाचें आणि हात परक्यांचे, हें विसंगत दिसतेंच. परंतु संस्थेनें एक शहाणपण केलें. आलेल्या वादकांस केवळ वाजविण्यास न ठेवतां शिकविण्यासही लावलें, आणि २०१२ सालीं मुलांसाठीं रीतसर शिक्षणशाळा काढली. व्हायोलिन धरण्यास शिकलेल्या आठ वर्षांच्या मुलाला वृंदांत बसण्यास पंधरा वर्षें लागतात. या विद्येंत याहून जवळची वाट नाहीं.

आणि मग २०२३ चा ऑगस्ट महिना आला. सत्याऐंशी वर्षांचे झुबिन मेहता मुंबईस आले ते या वेळीं कोणताही वाद्यवृंद बरोबर न घेतां. त्यांनीं प्रथमच ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’चें, म्हणजे मुंबईच्या स्वतःच्या वृंदाचें, संचालन केलें. वडिलांनीं १९३५ सालीं ज्या शहरांत वृंद उभारला, त्या शहरानें अठ्ठ्याऐंशी वर्षांनीं त्यांच्या मुलापुढें आपला वृंद बसविला. माझ्या मतें या कथेंतील सर्वांत मोठा दिवस हाच. पूर्वींच्या समारंभांहून त्यांत झगमगाट कदाचित् अधिक नसेल. पण या वेळीं पाहुण्यानें यजमानाच्या घरचें अन्न खाल्लें.

येथें कोणी म्हणेल, कीं मास्तर, हें सगळें परक्या संगीताचें कौतुक झालें. आमचा तंबोरा आणि आमची मैफल असतां आम्हांला हें कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. पण विद्येच्या देवघेवींत आपण कधीं दारें लावून बसलों नाहीं. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें मौलाबक्षांनीं १८८६ सालीं गायनशाळा काढली आणि स्वरलेखनाचा मार्ग घातला. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून गाणें वर्गांत आणलें. पं. भातखंड्यांनीं शेंकडों चिजा स्वरलिपींत बांधून छापल्या. या तिघांनीं आपलें गाणें सोडलें नाहीं. तें अनेकांना एकत्र शिकतां यावें अशी सोय केली. पुढें पं. रविशंकरांची सतार १९८१ सालीं न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाबरोबर वाजली तेव्हां संचालक झुबिन मेहताच होते. २०१५ सालीं उस्ताद झाकिर हुसेन यांनीं याच मुंबईच्या वृंदासाठीं तबला आणि वाद्यवृंद यांची ‘पेशकार’ ही रचना केली. आपल्या ठेक्याच्या राजाला वृंदांत मानाचें आसन मिळालें, तें तेथें वृंद होता म्हणून.

आमच्या वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. राजशेखर कवीनें ‘काव्यमीमांसा’ ग्रंथांत एक रम्य कथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रागावून देशोदेशीं फिरत निघाला. त्यास वश करण्यासाठीं पार्वतीनें निर्मिलेली साहित्यविद्या त्याच्या मागोमाग निघाली. अनेक देश हिंडतां हिंडतां त्याचें मन शेवटीं विदर्भांत पूर्णपणें जिंकलें गेलें, आणि वत्सगुल्म नगरांत त्या दोघांचा गांधर्वविवाह झाला. विवाहानंतर तें दांपत्य वत्सगुल्मांत राहिलें नाहीं. फिरत फिरत हिमालयाकडे परत गेलें. पण वैदर्भी रीतीचें नांव मात्र या भूमीशीं कायमचें जोडलेलें राहिलें. पाहुणे जावयाचेच, रीति मागें राहावी, हें त्या भूमीवर अवलंबून.

म्हणून शेवटीं माझ्या सारख्याच घरांतून राहणाऱ्या श्रोत्यांस एकच विनंती आहे. मोठा कलावंत गांवीं येतो तेव्हां आपण तिकीट काढतों, उत्तम वस्त्रें नेसून जातों, आणि दुसऱ्या दिवशीं त्याची वर्णनें करतों. हें करावेंच. पण आपल्या आळींतील भजनी मंडळाचा मृदंग उतरला असेल, शाळेंतील पेटीचा भाता फाटला असेल, समूहगीत शिकविणाऱ्या मास्तरणीला तास मिळत नसेल, तर तिकडेही तितक्याच आस्थेनें पाहावें. मृदंग चढवून आणण्यास फार पैसे पडत नाहींत. मुलीला आठवड्यांतून दोनदां समूहगानाच्या तालमीस सोडण्यास तर कांहींच लागत नाहीं. फक्त परीक्षा जवळ आली म्हणून तिला तालमींतून काढूं नये. डब्लिनला हँडेल लाभला, कारण त्याच्या देवळांत वर्षानुवर्षें रोज गाणें चालत होतें, आणि त्या गाण्यानें १४२ माणसांच्या बेड्या सुटल्या. आपल्या गांवांत उद्यां कोण येईल तें सांगतां येत नाहीं. तो आला म्हणजे त्याच्यापुढें बसण्यास आपलीं मुलें तयार असलीं पाहिजेत, आणि ती तयारी आजपासून करावयाची आहे.